वेळापत्रक तिसऱ्या दिवशी का मोडतं? अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या तयारीवर वाचकांचे प्रश्न

विद्यापीठ प्रवेशाच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची तयारी कशी करावी, यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: वेळ पुरत नाही. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. परीक्षेनुसार प्रश्नसंख्या, वेळ आणि गुणपद्धत बदलते, म्हणून उदाहरणांतले आकडे आपल्या परीक्षेच्या माहितीपत्रकाप्रमाणे बदलून घ्यावेत.

प्रश्न : परीक्षेला बारा आठवडे आहेत आणि शाळाही चालू आहे. मी आतापर्यंत तीनदा टाइमटेबल केलं. दोन दिवस नीट चालतं, तिसऱ्या दिवशी कोलमडतं. रोज नक्की किती तास अभ्यास करायला हवा? – शाळेच्या शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी

उत्तर : ‘रोज किती तास’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी तुझ्याकडे खरोखर किती तास आहेत ते मोजू. एक आठवडा काहीही न बदलता नेहमीसारखी वाग आणि दर रात्री फक्त नोंद कर: शाळा, प्रवास, गृहपाठ, जेवणखाण, झोप, मोबाइल. आठवड्याच्या शेवटी मोकळा वेळ आपोआप दिसेल. समज, शाळेच्या दिवशी दीड तास, शनिवारी अडीच आणि रविवारी चार तास निघाले. म्हणजे आठवड्याला चौदा तास. बारापैकी दोन आठवडे शाळेच्या परीक्षेत जाणार असतील तर ते आत्ताच वजा कर. उरले दहा आठवडे, म्हणजे १४० तास. त्यातला पाव भाग सोडून दे, कारण पाहुणे येतात, ताप येतो, एखादा धडा ठरल्यापेक्षा लांबतो. हातात राहिले १०५ तास. योजना या १०५ तासांचीच करायची.

पाव भाग सोडायला जीवावर येतं, पण कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीवर बोट ठेवलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. तुझं टाइमटेबल तिसऱ्या दिवशी मोडतं याचं कारण बहुधा हेच आहे. प्रत्येक तास भरलेला असतो, मंगळवारचं काम बुधवारवर ढकललं जातं, बुधवारी जागाच नसते, आणि गुरुवारी वही मिटली जाते. म्हणून आठवड्यात दोन कप्पे मुद्दाम रिकामे ठेव. बुधवारी अर्धा तास आणि रविवारी एक तास. मागे पडलेलं काम तिथेच भरून काढायचं. काहीच मागे पडलं नसेल तर ती वेळ तुझी, त्यात नवा अभ्यास घुसवायचा नाही.

आता १०५ तास वाटायचे कसे? सुरुवातीलाच, काहीही न वाचता, घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा दे. गुण कमी येतील, येऊ देत. त्या कागदाशिवाय वाटणी अंदाजपंचे होते. धर, ६० प्रश्नांच्या पेपरात गणिताचे २० पैकी ८, तर्कबुद्धीचे १३ आणि भाषेचे १५ बरोबर आले. पुढे आठ मॉक (पूर्ण सराव परीक्षा) द्यायच्या ठरवल्यास आणि प्रत्येकीला परीक्षेचे दोन व तपासणीचे तीन तास धरल्यास ४० तास त्यात गेले. उरलेल्या ६५ पैकी गणिताला ३२, तर्काला १८ आणि भाषेला १५. भाषेचे १५ तास मात्र सलग वापरू नकोस, रोजच्या पंधरा-वीस मिनिटांत वाटून टाक. वाचन एकदम साठवता येत नाही.

गणितात कुठून सुरुवात करायची, हेही त्याच कागदावरून ठरव. सगळ्यात कच्चा घटक आधी, असं पुष्कळ जण करतात आणि तिथेच फसतात. आधी त्या घटकावर किती प्रश्न येतात ते बघ, मग त्यातले तुझे किती जातात ते बघ. शेकडेवारी आणि नफा-तोट्यावर चार प्रश्न येत असतील आणि तुझे दोन जात असतील, तर ते काम आधी. क्रमचय-संचयावर एकच प्रश्न येतो, तो जातो आणि शिकायला आठ तास लागणार आहेत, तर तो घटक यादीच्या तळाशी. वेळ उरला तर बघू, नाही तर तो एक प्रश्न सोडून द्यायचा. शाळेत ‘पोर्शन संपवायचा’ अशी सवय लागलेली असते. इथलं गणित बहुतांशी शाळेत शिकून झालेलंच असतं, फक्त ते घड्याळासमोर आणि वळण घेऊन विचारतात. त्यामुळे पोर्शन संपला तरी गुण वाढत नाहीत, असा अनुभव अनेकांना येतो.

शेवटचा मुद्दा रोजच्या दीड तासाचा. वहीत ‘क्वांट (म्हणजे गणित), दीड तास’ असं कधी लिहू नकोस. त्यात काय करायचं ते ठरलेलं नसतं, आणि ठरवण्यातच पंधरा मिनिटं जातात. असं लिही: दहा मिनिटं जुन्या चुका, पस्तीस मिनिटं गुणोत्तर-प्रमाण (नवीन), पंचवीस मिनिटं मागच्या तीन घटकांचे बारा मिश्र प्रश्न घड्याळ लावून, पंधरा मिनिटं तपासणी, पाच मिनिटं उद्याचं काम लिहिणं. झाले नव्वद. उद्याचं काम आज लिहून ठेवलं की दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पेन्सिल चालू होते. ही पाच मिनिटं कधीही कापू नकोस.

प्रश्न : प्रत्येक धड्याखालची उदाहरणं मला पटापट सुटतात. उत्तर वाचलं की ‘हे तर येत होतं’ असं वाटतं. पण सराव परीक्षेत डोकं चालतच नाही. मी घाबरतो का? – एक विद्यार्थी

उत्तर : थोडी भीती असेलही, पण मुख्य दोष सरावाच्या पद्धतीत आहे. हा प्रश्न बघ: ‘एक गाडी जाताना ताशी ६० किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ४० किलोमीटर वेगाने आली, सरासरी वेग किती?’ काळ-काम-वेगाच्या धड्यात बसून सोडवलास तर तू अंतर धरून वेळ काढशील. समजा अंतर १२० किलोमीटर. जाताना दोन तास, येताना तीन, एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, उत्तर ४८. तोच प्रश्न मिश्र पेपरात आला की ‘सरासरी’ हा शब्द दिसतो, हात आपोआप ६० आणि ४० ची बेरीज करून निम्मे करतो, आणि ५० हा पर्याय तिथे तुझी वाट पाहतच असतो. आकडेमोड तुला येते. हा प्रश्न कुठल्या जातीचा आहे हे ओळखणं येत नाही, कारण धड्याच्या मथळ्याने ते काम आजवर तुझ्यासाठी केलं.

यावर एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये रोरर आणि टेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकाराची उदाहरणं ओळीने सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांचे ८९ टक्के बरोबर आले, मिसळून सोडवणाऱ्यांचे ६० टक्के. आठवड्याने दोघांची परीक्षा घेतली तर ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर. म्हणजे सरावात अडखळलास तर वाईट वाटून घेऊ नकोस, अडखळणं हाच तिथे सराव आहे. नवीन घटक शिकताना पहिली आठ-दहा उदाहरणं ओळीनेच सोडव, ते गरजेचं आहे. त्यानंतर लगेच तो घटक मिश्र संचात टाक. वेगवेगळ्या धड्यांतून प्रश्न निवडून चिठ्ठ्यांवर पान आणि क्रमांक लिहायचा, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि रोज बारा उचलायच्या. यापेक्षा मोठं साधन लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकांची वही. बहुतेकांच्या वहीत ‘सिली मिस्टेक’ एवढंच लिहिलेलं असतं, त्याचा काडीचा उपयोग नाही. नोंद कशी असावी ते एका उदाहरणावर दाखवतो. प्रश्न: वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढली, ती मूळ किमतीवर आणायला नवी किंमत किती टक्क्यांनी कमी करावी? तू लिहिलंस २५. बरोबर उत्तर २०. वहीत चार ओळी येतील. पहिली, प्रश्न थोडक्यात. दुसरी, मी काय केलं: ‘वाढले तेवढेच कमी केले’. तिसरी, का चुकलं: ‘टक्के कशाचे ते पाहिलं नाही, कमी करताना पाया १०० नाही, १२५ आहे’. चौथी सगळ्यात महत्त्वाची, पुढच्या वेळी कशावरून ओळखायचं: ‘आधी वाढ मग घट दिसली की १०० धरून दोन्ही आकडे लिहायचे, मगच टक्के काढायचे’. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर चूक अजून समजलेली नाही असं धर. हा प्रश्न तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी, उत्तर झाकून पुन्हा सोडव. दोन्हीदा सुटला की त्यावर काट मार.

प्रश्न : मी रोज एक मॉक देतो. चौदा झाल्या, तरी गुण १८० पैकी ९२ ते ९८ मध्येच अडकलेत. आणखी किती द्याव्यात?

उत्तर : आणखी देऊ नका. निदान दहा दिवस तरी एकही नको. मॉक म्हणजे थर्मामीटर आहे, तो रोज लावल्याने ताप उतरत नाही. तुमच्याकडे चौदा पेपरांच्या चुका न बघितलेल्या पडल्या आहेत, म्हणजे पुढच्या पंधरवड्याचा अभ्यास तयारच आहे.

पेपर तपासायची एक पद्धत सांगतो, ती आळस न करता पाळा. पेपर संपल्यावर अर्धा तास विश्रांती घ्या आणि उत्तरसूची उघडू नका. परीक्षा देतानाच ज्या प्रश्नांवर शंका होती त्यांना खूण केलेली असावी. ते आणि सोडलेले प्रश्न घड्याळ बंद ठेवून पुन्हा सोडवा. हवा तेवढा वेळ घ्या. आता उत्तरसूची उघडा. घड्याळ नसताना सुटला तो प्रश्न तुम्हाला येतो, तिथे अडचण वेगाची किंवा घाईची आहे. घड्याळ नसतानाही सुटला नाही, तिथे पाया कच्चा आहे. या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यासाठी त्याच घटकाचे छोटे, वेळ लावलेले संच. दुसऱ्यासाठी पुस्तक उघडून पहिल्यापासून. बरेच जण पाया कच्चा असलेल्या ठिकाणी वेग वाढवायला जातात, म्हणून चुका तेवढ्याच राहतात, फक्त लवकर होतात.

अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही चुकीच्या यादीतच टाका. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि खऱ्या परीक्षेत तेच उलटतात. बरोबर आला पण साडेतीन मिनिटं लागली, असे प्रश्नसुद्धा वेगळे काढा. त्यात बहुधा आडवाट धरलेली असते आणि पर्याय ताडून पाहिले असते तर मिनिटात सुटला असता.

या सगळ्याला पेपरच्या वेळेच्या दीडपट वेळ लागतो, कधी दुप्पटही. म्हणून आठवड्याला एक मॉक पुरे, शेवटच्या तीन आठवड्यांत दोन. आणि एका मॉकवरून हुरळून जाऊ नका किंवा खचू नका, सलग तीन-चारांची सरासरी बघा. वेगवेगळ्या ठिकाणच्या मॉकची काठिण्यपातळी सारखी नसते, त्यामुळे एका मालिकेतले गुण दुसरीशी ताडण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षांचे खरे पेपर मिळत असतील तर त्यातले सर्वांत अलीकडचे तीन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा. ते एकदा पाहिले की त्यांची किंमत गेली.

प्रश्न : रोज तीस नवे शब्द पाठ करायचं ठरवलं होतं. दोन आठवड्यांनी मागचे काहीच आठवत नाहीत. उताऱ्यावरचे प्रश्नही चुकतात. – एक विद्यार्थिनी

उत्तर : तीसचा हिशेब करून बघ. शब्द टिकायला तो पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो, साधारण दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि तिसाव्या दिवशी. प्रत्येक शब्दाच्या पाच उजळण्या झाल्या. रोज तीस नवे घेतलेस तर महिन्याभरात रोजच्या उजळणीला १५० शब्द जमतात. एकाला दहा सेकंद धरले तरी पंचवीस मिनिटं, नवे तीस वेगळेच. कोणीही थकेल. दहा नवे घे, मग उजळणी ५० ची होते आणि सगळं काम दहा-बारा मिनिटांत आटपतं. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करून दाखवलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी.

उजळणी म्हणजे यादीवरून नजर फिरवणं नव्हे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक वाक्य. अर्थ आधी तोंडाने म्हणायचा, मग कार्ड उलटायचं. वाचत राहण्यापेक्षा आठवून बघणं किती टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये तपासलं. विद्यार्थ्यांना एक मजकूर दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र ते ४२ टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. पुन्हा वाचलं की ‘येतंय’ असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं.

उताऱ्यासाठी वेळ आखून घे. चारशे शब्दांचा उतारा आणि पाच प्रश्न असतील तर आठ मिनिटं: तीन वाचायला, पाच प्रश्नांना. वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर क्षणभर थांबून मनात एक ओळ म्हण, ‘इथे लेखक आधीचं मत खोडतोय’ किंवा ‘इथे उदाहरण देतोय’. चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. पर्याय जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो. पर्याय अर्धा बरोबर असतो आणि शेवटचे तीन शब्द घात करतात. किंवा उताऱ्यात ‘बऱ्याचदा’ असतं आणि पर्यायात ‘नेहमी’. आपली चूक यातली कुठली ते दर वेळी वहीत लिही. दहा उताऱ्यांत तुझी ठरलेली खोड सापडेल.

प्रश्न : आजारपणात माझे नऊ दिवस वाया गेले. आता रोज दोन तास जास्त बसून भरून काढू का?

उत्तर : नको. आजारातून उठल्यावर जास्त तास बसलं की चार दिवसांत पुन्हा आडवं व्हायची वेळ येते. कामाची यादी घ्या आणि तळाचे दोन-तीन घटक खोडून टाका, तेच ज्यांच्यावर एखादा प्रश्न येतो आणि वेळ खूप लागतो. चुकांची वही, मिश्र सराव आणि मॉक यांना हात लावू नका. पहिले दोन दिवस नवीन काहीच घेऊ नका, जुन्या चुका पुन्हा सोडवा. घडी लवकर बसेल.

प्रश्न : मी नोकरी करतो. शिक्षण सुटून नऊ वर्षं झाली, आता पुन्हा विद्यापीठात जायचं आहे. संध्याकाळी फार तर पाऊण तास मिळतो आणि रविवारी तीन तास. जमेल का?

उत्तर : जमेल, फक्त आठवडे जास्त लागतील. पाच संध्याकाळी आणि रविवार धरून तुमचे आठवड्याचे तास भरतात पावणेसात, त्यामुळे वीस आठवडे हाताशी ठेवा. पहिले तीन आठवडे कुठलाही घटक न घेता हात मोकळा करा. वीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग, दहापर्यंतचे घन आणि अपूर्णांक-टक्क्यांच्या जोड्या: एक षष्ठांश म्हणजे १६.६७ टक्के, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११, एक अकरांश ९.०९. यांचा फायदा लगेच दिसतो. ६४० चे ३७.५ टक्के काढायचे असतील तर ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश, ६४० चा आठवा भाग ८०, त्याची तिप्पट २४०. कागदाला पेन लागायच्या आत उत्तर येतं. नऊ वर्षांच्या खंडानंतर वेळ जातो तो मुख्यतः आकडेमोडीत, सूत्रांत नाही.

पाऊण तासात एकच काम घ्या. अर्धा तास प्रश्न आणि पंधरा मिनिटं तपासणी. नवीन घटक रविवारी सुरू करा, आठवडाभर त्याचाच सराव आणि शुक्रवारी मिश्र संच. प्रवासात नवीन शिकायला जाऊ नका. तिथे शब्दांची कार्डं आणि चुकांची वही चालते.

प्रश्न : आमचा मुलगा रात्री दीड-दोनपर्यंत जागतो, म्हणतो तेव्हाच शांतता मिळते. परीक्षा सकाळी नऊची आहे. त्याला अडवावं का? – एक आई

उत्तर : एकदम अडवू नका, वेळ सरकवा. १३ ते १८ वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलं आहे. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास निम्मा वाया जाऊ शकतो. शिवाय अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये नुसतं पाठांतर कामाला येत नाही, तिथे लागते ताजी एकाग्रता. दर दोन-तीन दिवसांनी झोपण्याची आणि उठण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. उठण्याची वेळ आधी पक्की करा, झोपेची तिच्यामागून येते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात.

आणि शक्य असेल तर रविवारी सकाळी नऊला तुम्ही पर्यवेक्षक व्हा. घड्याळ तुमच्या हातात, त्याचा मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि वेळ संपली की पेपर काढून घ्या. ‘किती तास झाले?’ असं रोज विचारण्यापेक्षा ही मदत फार मोठी आहे.

प्रश्न : साठ मिनिटांत साठ प्रश्न. शेवटचे दहा-बारा नेहमी राहतात. निगेटिव्ह मार्किंग असताना ते अंदाजाने भरावेत का?

उत्तर : आधी ते राहतात का, ते बघू. पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने सोडवला की मधला एखादा प्रश्न चार मिनिटं खातो. त्या चार मिनिटांत शेवटचे तीन सोपे प्रश्न झाले असते, आणि गुण तर सगळ्यांना सारखेच. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून वीस सेकंदांत वाट दिसली तरच पुढे जायचं, नाही तर खूण करून सोडायचं. ही फेरी ३८-४० मिनिटांत संपवा. दुसरी फेरी सोडलेल्यांची, पंधरा मिनिटं. शेवटची पाच तपासणीला. बैठक व्यवस्थेसारख्या (कोण कुठे बसलंय ते शोधायचं) एका माहितीवर चार-पाच प्रश्न असलेल्या संचाला अडीच-तीन मिनिटं द्या. तेवढ्यात आकृती उभी राहिली नाही तर तो संच दुसऱ्या फेरीत. काही परीक्षांत प्रत्येक विभागाची वेळ वेगळी बांधलेली असते, तिथे हेच त्या विभागापुरतं करा. कागदी उत्तरपत्रिका असेल तर सोडलेल्या प्रश्नाचा गोल रिकामा ठेवलाय ना, हे दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक जुळवून बघा. एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं चुकतात, आणि हे कळतं शेवटच्या मिनिटाला.

अंदाजाचा हिशेब गुणपद्धतीवर आहे. चार पर्याय, बरोबरला ४, चुकीला वजा १ असं असेल तर आंधळेपणाने भरलेल्या चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे ४ वजा ३, हाती १. थोडा का होईना, फायदा आहे. एक पर्याय खोडता आला तर तीन प्रश्नांत ४ वजा २, हाती २. बरोबरला ३ आणि चुकीला वजा १ असेल तर आंधळा अंदाज शून्यावर येतो, एक पर्याय खोडल्यावरच भरा. बरोबरला २ आणि चुकीला वजा १ असेल तर आंधळा अंदाज तोट्याचा, एक खोडला तरी बरोबरीच, दोन खोडता आले तरच हात घाला. निगेटिव्ह नसेल तर एकही गोल रिकामा ठेवू नका. हा हिशेब घरीच करून ठेवा, परीक्षेत बसून करायचा नाही.

उत्तर बदलावं की पहिलंच ठेवावं, असंही काहींनी विचारलंय. ‘पहिलं सुचलं तेच खरं’ ही समजूत चुकीची आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे पेपर तपासले. बदललेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून किंचित जास्त चुकीची बरोबर झाली होती, बरोबरची चूक झाली ती सुमारे पाव. बदलण्याचं कारण बोट ठेवून सांगता येत असेल तर बदला. नुसतीच धाकधूक असेल तर राहू द्या.

प्रश्न : शेवटच्या दहा दिवसांत काय करावं?

उत्तर : नवीन घटक उघडू नका. परीक्षेच्या दहा आणि सात दिवस आधी राखून ठेवलेले खरे पेपर द्या, ज्या वेळेला परीक्षा आहे त्याच वेळेला. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंत संपवा. त्यानंतर दिली आणि कमी गुण आले तर ते भरून काढायला दिवस उरत नाहीत, नुसती झोप जाते. मधल्या दिवसांत चुकांची वही पहिल्या पानापासून काढा. काट मारलेले प्रश्न सोडा, उरलेले पुन्हा सोडवा. रोज वीस-पंचवीस मिश्र प्रश्न घड्याळ लावून चालू ठेवा, नाही तर हात जड होतो.

आदल्या दिवशी तासभर वही, बास. प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि लागत असतील ते फोटो, पेनं एका पाकिटात संध्याकाळीच भरून ठेवा. प्रवेशपत्रावरची सूचना पुन्हा एकदा वाचा, विशेषतः केंद्राचं दार कधी बंद होतं ते. केंद्र अनोळखी असेल तर दोन दिवस आधी त्याच वेळेला तिथवर जाऊन या. परीक्षेच्या सकाळी घरून निघण्यापूर्वी आधी सुटलेले पाच सोपे प्रश्न पुन्हा सोडवा, दोन गणिताचे, दोन तर्काचे, एक छोटा उतारा. पंधरा मिनिटं लागतील. उत्तरं तपासू नका, वही घरीच ठेवा आणि निघा.